विश्लेषण : दर काही वर्षांनी पूर, तरी नदीकाठी भिंत नको! अमेरिकेतील डेव्हनपोर्ट शहराने असे का ठरवले?

मिसिसिपीच्या काठावर जेमतेम एक लाख वस्तीचे शहर. काठावर कला संग्रहालय, बेसबॉलचे मैदान, जॅझ महोत्सव आणि शनिवारचा बाजार. शेजारच्या शहरांनी पुरापासून वाचण्यासाठी भिंती बांधल्या. डेव्हनपोर्टने मात्र नदी दिसत राहावी म्हणून त्या नाकारल्या. 2019 मध्ये या निर्णयाची मोठी किंमत मोजावी लागली. हा हट्ट आहे की शहाणपण?

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट हे शहर आहे. 2020 च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर. आपल्याकडच्या हिशेबाने तालुक्याच्या मोठ्या गावाएवढे. न्यूयॉर्क किंवा शिकागोसारखे जगाच्या नकाशावर झळकणारे हे शहर नाही. तरीही नदीकाठचे नियोजन आणि पूर व्यवस्थापन यांची चर्चा निघाली, की अमेरिकेत डेव्हनपोर्टचे नाव हमखास येते. मिसिसिपीच्या काठावरील, कायमस्वरूपी पूरसंरक्षक भिंत नसलेले सर्वांत मोठे शहर, अशी त्याची ओळख तेथील माध्यमे नेहमी करून देतात.

डेव्हनपोर्ट नेमके कुठे आहे?

मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, हे शाळेत शिकवले जाते. डेव्हनपोर्टजवळ मात्र ती वळण घेते आणि काही अंतर चक्क पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. त्यामुळे हे शहर नदीच्या उत्तर काठावर आहे आणि समोर, दक्षिणेला, इलिनॉय राज्य दिसते. शहराचा मध्यवर्ती भाग दक्षिणमुखी असल्याने दिवसभर नदीवरचा उजेड थेट रस्त्यांवर येतो.

या परिसराला ‘क्वाड सिटीज’ म्हणजे चार शहरे म्हणतात. प्रत्यक्षात शहरे पाच आहेत : आयोवाच्या बाजूला डेव्हनपोर्ट आणि बेटेनडॉर्फ, तर इलिनॉयच्या बाजूला रॉक आयलंड, मोलिन आणि ईस्ट मोलिन. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचे मुख्यालय मोलिनमध्ये आहे. नदीच्या मधोमध असलेल्या बेटावर अमेरिकी लष्कराचा शस्त्रनिर्मिती कारखाना, म्हणजे रॉक आयलंड आर्सेनल आहे.

शहराची स्थापना 1836 सालची. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल 1856 मध्ये येथेच उभा राहिला. काही दिवसांतच ‘एफी आफ्टन’ नावाची वाफेवरची बोट त्यावर आदळली आणि पुलाचा काही भाग जळाला. बोटमालकांनी पूल कंपनीवर खटला भरला. कंपनीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन होते. ज्युरीचे एकमत झाले नाही आणि पूल टिकला. नदी कुणाची आणि तिच्यावर कुणाचा हक्क, हा वाद डेव्हनपोर्टला तेव्हापासूनच नवा नाही.

येथील रोजचे जगणे कसे असते?

रोजच्या जगण्यात नदी सतत आडवी येते. शहरातून आर्सेनल बेटावर नेणारा ‘गव्हर्नमेंट ब्रिज’ 1896 मध्ये खुला झालेला. त्यावर वरच्या मजल्यावरून रेल्वे आणि खालून मोटारी जातात. मालवाहू तराफे आले, की पुलाचा एक भाग गोल फिरून वाट मोकळी करतो आणि मोटारी रांगेत थांबतात. एका बोटीसोबत पंधरा-पंधरा तराफे बांधलेले असतात. तीन ओळींत पाच. तेथील लॉक, म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी पाण्याची बंदिस्त खोली, 600 फूट लांबीची आहे. एवढा लांब काफिला तिच्यात एकदम मावत नाही. तो मधोमध सोडवून दोन खेपांत पार करावा लागतो. मका आणि सोयाबीन घेऊन जाणारे हे काफिले बघायला लोक काठावर येऊन उभे राहतात.

हिवाळ्यात नदी गोठते, पण बंधाऱ्याच्या खालचे पाणी खळाळत असल्याने मोकळे राहते. तेथे मासे मिळतात, म्हणून पांढऱ्या डोक्याचे ‘बाल्ड ईगल’ गरुड जानेवारी-फेब्रुवारीत मोठ्या संख्येने येतात. कडाक्याच्या थंडीत दुर्बिणी घेऊन त्यांना पाहायला येणाऱ्यांची गर्दी हा येथील हिवाळ्यातला नेहमीचा देखावा आहे. उन्हाळ्यात काठाने सायकलमार्ग आणि शनिवारी सकाळी रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीपाशी भरणारा शेतकरी बाजार. पिझ्झाही येथे वेगळा मिळतो. पिठात माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचा अंश असतो आणि त्रिकोणी तुकड्यांऐवजी कात्रीने लांब पट्ट्या कापल्या जातात.

जॅझचा या शहराशी काय संबंध?

जॅझ संगीतातील सुरुवातीच्या मोठ्या नावांपैकी एक असलेला बिक्स बायडरबेक याच शहरातला. जन्म 10 मार्च 1903. कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे वाद्य तो मुख्यतः ऐकून ऐकून, स्वतःच शिकला. त्या काळी न्यू ऑर्लिन्सकडून वर येणाऱ्या प्रवासी बोटींवर वाद्यवृंद असत. नवे संगीत या शहरांपर्यंत रेडिओच्या आधी नदीने आणले. बिक्स 1931 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अवघ्या 28 व्या वर्षी वारला. त्याला डेव्हनपोर्टच्याच ओकडेल दफनभूमीत पुरले आहे.

त्याच्या स्मरणार्थ 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून जॅझ महोत्सव होतो. 1975 पासून ‘बिक्स 7’ ही सात मैलांची, म्हणजे सुमारे 11 किलोमीटरची शर्यत होते. जुलैअखेरच्या उकाड्यात हजारो धावपटू ब्रॅडी स्ट्रीटचा खडा चढ चढतात. या चढामुळे शहराची रचनाही लक्षात येते. नदीलगत सखल पट्टी आणि तिच्यामागे उंच टेकाड. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून आलेल्या स्थलांतरितांपैकी जे श्रीमंत झाले, त्यांनी टेकाडावर घरे बांधली. सखल भागात गिरण्या, गोदामे, रेल्वे आणि दुकाने राहिली. पूर आला की कुणाच्या दारात येतो, हे या रचनेने तेव्हाच ठरवून टाकले.

नदीकाठचे संग्रहालय पुरात कसे टिकते?

डेव्हनपोर्टच्या मध्यवर्ती भागात, नदीसमोर, काचेची एक इमारत आहे. हे फिगी कला संग्रहालय. ब्रिटिश वास्तुरचनाकार डेव्हिड चिपरफिल्ड यांनी ते उभारले आणि ऑगस्ट 2005 मध्ये ते खुले झाले. चिपरफिल्ड यांना पुढे 2023 मध्ये वास्तुरचनेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

संस्था मात्र जुनी आहे. शहराचे माजी महापौर आणि वकील सी. ए. फिकी यांनी आपला चित्रसंग्रह शहराला दिला आणि 1925 मध्ये नगरपालिकेची आर्ट गॅलरी सुरू झाली. एका छोट्या शहराच्या पालिकेने शंभर वर्षांपूर्वी स्वतःचे चित्रदालन चालवायला घेतले, ही बाब आजही दुर्मीळ वाटावी अशी. येथे मेक्सिकोतील वसाहतकालीन चित्रे आहेत, हैतीतील कलाकृतींचा मोठा संग्रह आहे आणि आयोवाचेच चित्रकार ग्रँट वुड यांचे आत्मचित्र आहे. शेतकरी आणि त्याच्या शेजारी उभी स्त्री असे ‘अमेरिकन गॉथिक’ हे जगप्रसिद्ध चित्र याच वुड यांचे. ते मात्र शिकागोच्या संग्रहालयात आहे.

पूरक्षेत्रात काचेचे संग्रहालय बांधण्याचे धाडस कसे केले? उत्तर सोपे आहे. इमारत उंच चौथऱ्यावर आहे. चौथऱ्याच्या पोटात वाहनतळ आणि चित्रांची दालने त्याच्या वर. पाणी आलेच तर गाड्या हलवायच्या. चित्रांना धक्का लागत नाही.

याच संग्रहालयाच्या वाट्याला एक वेगळी जबाबदारीही आली. 2008 मध्ये आयोवा सिटी या शहरात आयोवा नदीला महापूर आला आणि विद्यापीठाचे कला संग्रहालय रिकामे करावे लागले. त्यातील बरीचशी चित्रे डेव्हनपोर्टला फिगीमध्ये ठेवण्यात आली. त्यांत जॅक्सन पोलॉक यांचे 1943 मधील ‘म्युरल’ हे सुमारे 20 फूट रुंदीचे प्रचंड चित्रही होते. एका पुरातून वाचलेल्या चित्राला आसरा मिळाला तो भिंत नसलेल्या नदीकाठच्या शहरात. कारण इमारत कुठे आहे याइतकेच ती कशी बांधली आहे हेही महत्त्वाचे असते.

पूर का येतो? धरण असूनही अडत का नाही?

डेव्हनपोर्टला पूर मुख्यतः वसंतात येतो. उत्तरेकडील मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन राज्यांत हिवाळाभर साचलेला बर्फ मार्च-एप्रिलमध्ये वितळतो. जमीन अजून गोठलेली असेल तर ते पाणी मुरत नाही, वरून वाहत येते. त्यात पाऊस पडला की पातळी झपाट्याने वाढते. मात्र मोठ्या नदीचा हा पूर संथ असतो. पाणी किती चढणार याचा अंदाज अनेक दिवस आधी येतो. डोंगरी नद्यांसारखे एका रात्रीत सगळे होत नाही.

नदीवर येथे 1934 मध्ये पूर्ण झालेले ‘लॉक अँड डॅम 15’ आहे. मग पूर अडवता येत नाही का? हा गैरसमज अमेरिकेतही अनेकांचा असतो. मिसिसिपीच्या वरच्या टप्प्यातील हे बंधारे पूरनियंत्रणासाठी बांधलेलेच नाहीत. 1930 मध्ये मंजूर झालेल्या योजनेनुसार, बोटींना वर्षभर किमान 9 फूट खोलीचे पाणी मिळावे, एवढाच त्यांचा हेतू. त्यांच्यामागे पाणी साठवून ठेवण्याची जागाच नाही. पूर आला की दरवाजे पाण्याबाहेर उचलले जातात आणि नदी बंधारा नसल्यासारखी वाहते.

पुराची पातळी कशी मोजतात?

नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात आणि सांगलीकर आयर्विन पुलाजवळच्या फुटांवरून. डेव्हनपोर्टकरांचे लक्ष लॉक अँड डॅम 15 येथील मोजपट्टीकडे असते. 15 फुटांना पूर सुरू झाला असे मानतात, 18 फुटांपुढे तो मोठा पूर. आजवरच्या सर्वांत मोठ्या चार पुरांची नोंद अशी :

- 1965 : 22.48 फूट
- 1993 : 22.63 फूट
- 2001 : 22.33 फूट
- 2019 : 22.70 फूट

1993 आणि 2019 यांतला फरक एक इंचही नाही. चार पुरांपैकी तीन गेल्या पस्तीस वर्षांतले आहेत, हे अधिक बोलके आहे.

भिंत का नाकारली?

1965 च्या पुरानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने या पट्ट्यातील शहरांसाठी संरक्षक भिंतींचे आराखडे तयार केले. समोरच्या रॉक आयलंडने भिंत बांधली. शेजारच्या बेटेनडॉर्फने बांध घातला. डेव्हनपोर्टमध्ये बराच खल झाला आणि 1980 च्या दशकात शहराने प्रस्ताव नाकारला.

कारणे दोन होती. पहिले पैशांचे. केंद्राचा वाटा मोठा असला, तरी शहराला आपला हिस्सा द्यावा लागणार होता आणि पुढची देखभाल कायमची गळ्यात पडणार होती. दुसरे कारण नदीचे. डेव्हनपोर्टचा नदीकाठ सुमारे 9 मैलांचा, म्हणजे 14 किलोमीटरहून अधिक लांब आहे. भिंत उभी राहिली तर रस्त्यावरून, बागेतून, दुकानांतून नदी दिसणे बंद होईल. ज्या नदीमुळे शहर वसले तिच्याकडेच पाठ फिरवावी लागेल, असा युक्तिवाद झाला. पुढे पर्यावरणाचा मुद्दाही जोडला गेला. भिंतीने नदीचे पात्र आवळले जाते. पाणी पसरायला जागा राहिली नाही, की ते चढते आणि त्याचा त्रास वरच्या किंवा समोरच्या गावांना होतो.

या निर्णयावर टीका झाली नाही का?

झाली, आणि तीही थेट वॉशिंग्टनहून. 2001 च्या पुरात अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे तत्कालीन प्रमुख जो ऑलबॉ यांनी डेव्हनपोर्टचे उदाहरण देऊन जाहीर सवाल केला होता. भिंत बांधून टाळता येणाऱ्या नुकसानीसाठी देशाच्या करदात्याने पुन्हा पुन्हा किती वेळा पैसे द्यायचे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तत्कालीन महापौरांसह शहरवासीयांना हे झोंबले. मात्र प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. नदीचा देखावा शहराने ठेवायचा आणि पूर आल्यावर भरपाई देशाने द्यायची, हा व्यवहार बाहेरून पाहणाऱ्याला खटकणारच.

भिंत नाही, तर शहर काय करते?

उत्तर मैदानावर पाहायला मिळते. 1931 पासूनचे बेसबॉलचे मैदान नदीच्या अगदी काठाला, सेंटेनियल पुलाच्या बाजूला आहे. 1993 च्या पुरात ते पूर्ण पाण्यात बुडाले आणि त्याची छायाचित्रे देशभर गाजली. मैदान हलवावे की काय, अशी चर्चा झाली. शेवटी 2004 मध्ये नूतनीकरण करताना त्याच्याभोवती हवी तेव्हा लावता आणि काढता येणारी भिंत करण्यात आली. आता पूर आला की मैदानाचे बेट होते. चहूकडे पाणी आणि मधे हिरवळ. प्रेक्षकांना आत जाता यावे म्हणून उंचावरचा पादचारी मार्गही आहे.

हेच तत्त्व इतरत्र वापरले जाते. काठावर उद्याने, मोकळी मैदाने आणि वाहनतळ ठेवायचे. पाणी आले तर भिजू द्यायचे, ओसरले की गाळ धुऊन पुन्हा वापरात आणायचे. नदीलगतचा ‘रिव्हर ड्राइव्ह’ हा मुख्य रस्ता पुरात बंद करून वाहतूक वरच्या रस्त्यांवर वळवायची. सांडपाण्याच्या वाहिन्यांतून नदीचे पाणी उलटे शहरात शिरू नये म्हणून त्यांची तोंडे बंद करायची आणि आत साचलेले पाणी पंपाने बाहेर टाकायचे. कितव्या फुटाला कोणते काम करायचे हे आधीच ठरलेले असते. सखल वस्तीतील काही घरे विकत घेऊन ती जागा मोकळीही ठेवण्यात आली. शहराच्या नैर्ऋत्येला नाहंट मार्श ही पाणथळ जागा आहे. एकेकाळी तेथे नेमबाजीचा क्लब होता आणि जमिनीत शिशाचे छर्रे साचले होते. स्वच्छतेनंतर आता ते निसर्ग शिक्षण केंद्र आहे आणि पुराचे पाणी सामावून घेणारी जागाही.

मध्यवर्ती भागासाठी तात्पुरता बांध घातला जातो. जाळीच्या मोठ्या चौकोनी पेट्या रांगेत मांडून त्यांत वाळू भरतात. त्यांना ‘हेस्को’ पेट्या म्हणतात. पूर ओसरला की त्या काढल्या जातात आणि नदी पुन्हा दिसू लागते.

2019 मध्ये काय चुकले?

त्या वर्षी पाणी नुसते चढले नाही, ते मुक्कामाला आले. मार्चच्या मध्यापासून सुमारे तीन महिने नदी पूर पातळीच्या वर होती. वाळूच्या पेट्यांचा बांध काही दिवसांसाठी असतो. येथे त्याच्यावर आठवडेच्या आठवडे पाण्याचा दाब राहिला. 30 एप्रिलच्या दुपारी बांध फुटला. काही मिनिटांत मध्यवर्ती भागातील रस्ते पाण्याखाली गेले. दुकाने, उपाहारगृहे आणि कार्यालयांचे तळमजले बुडाले, गाड्या छतापर्यंत पाण्यात गेल्या आणि अडकलेल्यांना बोटींतून बाहेर काढावे लागले. दोन दिवसांनी, 2 मे रोजी, नदीने 22.70 फुटांचा विक्रम केला.

बांध फुटण्यात जीवितहानी झाली नाही. पण तळमजल्यावरच्या छोट्या व्यावसायिकांचे कंबरडे मोडले. काहींनी पुन्हा दुकान थाटले, काही परतलेच नाहीत. भिंत नसल्याची किंमत सगळे शहर सारखी मोजत नाही, हे त्या दुपारी स्पष्ट दिसले. टेकाडावर राहणाऱ्याला नदी दिसत राहते. पाणी मात्र खालच्या दुकानात शिरते.

त्यानंतर भिंत बांधायचे ठरले का?

नाही. पुन्हा जोरदार चर्चा झाली, अभ्यास झाला. त्यातून पुढे आलेला मार्गही सलग भिंतीचा नाही. पाणी जेथून शहरात शिरते ती ठिकाणे बंद करणे, काही रस्त्यांची उंची वाढवणे, पंपांची आणि वाहिन्यांवरील झडपांची व्यवस्था सुधारणे, अशा तुकड्या-तुकड्यांच्या कामांवर भर देण्यात आला. 2023 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला पाणी पुन्हा 21 फुटांच्या वर गेले. या वेळी तात्पुरते बांध टिकले.

नदीकाठही बदलतो आहे. 1991 मध्ये आयोवात बोटींवरील जुगार सुरू झाला, तेव्हा डेव्हनपोर्टच्या काठाला कॅसिनोची बोट लागली. 2016 मध्ये कॅसिनो महामार्गाजवळ जमिनीवर गेला आणि मोक्याचा काठ मोकळा झाला. तेथे पूर सोसेल असे उद्यान आणि खेळण्याची जागा करण्याची योजना शहराने हाती घेतली. दुसरीकडे काठालगतच्या रेल्वेमार्गावर वर्दळ वाढली आहे. कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न या रेल्वे कंपन्यांचे 2023 मध्ये विलीनीकरण झाले. मालगाड्या वाढणार हे दिसत असल्याने शहराने त्याआधीच कंपनीशी एक कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे भिंत टाळली, तरी लांबलचक मालगाडी उभी राहिली की शहर आणि नदी यांच्यामध्ये काही वेळ भिंतच येते.

भिंत असलेल्या शहरांनी नदी गमावली का?

तसेही म्हणता येत नाही. समोरच्या रॉक आयलंडने भिंत असूनही 2011 मध्ये काठावर श्वीबर्ट उद्यान खुले केले. तेथून नदी आणि पलीकडचे डेव्हनपोर्ट दोन्ही दिसतात. त्यामुळे ‘भिंत की नदी’ अशी सरळ निवड असते, हा दावा अपुरा आहे. चांगली रचना केली तर दोन्ही काही प्रमाणात साधते. पण भिंतीलाही मर्यादा असते. ती ठरावीक उंचीच्या पुरासाठी बांधलेली असते. भिंत आहे म्हणून लोक निर्धास्त होतात, तिच्या आड बांधकामे वाढतात आणि ती ओलांडून पाणी आले की नुकसान कितीतरी पटींनी होते.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

डेव्हनपोर्टमध्ये बांध फुटला त्याच वर्षी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, सांगली आणि कोल्हापूरने महापूर पाहिला. दोन्हीकडचा पूर वेगळा आहे. कृष्णा-पंचगंगेचा पूर सह्याद्रीतल्या पावसाचा, वेगाने येणारा, आणि वरच्या धरणांतील विसर्गाशी जोडलेला. अमेरिकेतला उपाय जसाच्या तसा येथे लागू पडणार नाही.

तरी प्रश्न ओळखीचे आहेत. आपल्याकडेही निळी आणि लाल पूररेषा आखल्या जातात, त्यांच्या आत बांधकामे होतात, आणि पूर आला की संरक्षक भिंतीची मागणी होते. डेव्हनपोर्टचा अनुभव तीन गोष्टी सांगतो. पाण्याच्या वाटेवर काय ठेवायचे हे आधी ठरवले, तर नुकसान बरेच कमी होते. मैदान भिजले तर धुता येते, घर धुता येत नाही. वाहनतळ खाली आणि दालने वर, एवढ्या साध्या नियमाने पूरक्षेत्रातली इमारतही सांभाळता येते. आणि तिसरी गोष्ट, जी डेव्हनपोर्टलाही पुरती जमलेली नाही : नदी सगळ्यांसाठी मोकळी ठेवायची तर तिचे ओझेही सगळ्यांनी वाटून घ्यायला हवे. ते फक्त तळमजल्यावरच्या दुकानदारावर टाकून चालत नाही.

पुढे काय?

उत्तरेत हिवाळ्यात किती बर्फ पडला, याकडे डेव्हनपोर्टचे लक्ष दर वर्षी फेब्रुवारीपासूनच लागते. अंदाज वाढला की वाळू आणि पेट्या काढल्या जातात, गाड्या हलवल्या जातात, बाजाराची जागा बदलते. पाणी ओसरले की रस्ते धुतले जातात. मग मे-जूनमध्ये मैदानावर सामने सुरू असतात आणि जुलैअखेर ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर धावपटूंची गर्दी होते. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय या शहराला असा दर वसंतात नव्याने घ्यावा लागतो. पुढचा पूर 23 फुटांवर गेला तर तो टिकेल का, याचे उत्तर मात्र वाळूच्या पेट्यांपेक्षा दोन पुरांच्या मधल्या काळात किती काम झाले, यावर ठरणार आहे.